बाईंचं पान लाल झालं तेव्हा

ऑपरेटरबाई मुलखाच्या भित्र्या. लोक म्हणत नसत, त्या स्वतःच सांगत. जिन्यातला दिवा गेला असेल तर त्या खालूनच नवऱ्याला हाका मारत. दारावर अनोळखी थाप पडली की आधी गॅस बंद करत आणि मग साखळी न काढता फटीतून बोलत. गॅस कशाला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. भीती वाटली की त्यांच्या हातांना काहीतरी काम लागे.

अशा बाईचा संसार झाला साप धरणाऱ्या माणसाबरोबर. लग्न झालं तेव्हा तो साप धरत नव्हता, एवढंच बाईंच्या बाजूने सांगता येईल. तो पाणीपुरवठा खात्यात फिटर होता. रस्त्याखालच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरायचं, चाक फिरवून एका भागाचं पाणी बंद करायचं, दुसऱ्या भागाचं सोडायचं. त्या गार, ओलसर खड्ड्यांत साप येऊन बसत. बाकीचे फिटर वरूनच दगड घालत. याला ते बघवेना. एकदा त्याने एक साप गोणीत घालून शहराबाहेर नेऊन सोडला, आणि तेवढ्यावर त्याचं नाव झालं. लोक त्याला ‘सापवाले’ म्हणू लागले ते इतकं, की खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई. कोणाच्या न्हाणीघरातून, कोणाच्या गोदामातून बोलावणी येत. ते निघाले की बाई दारात उभ्या राहून एवढंच म्हणत, “बूट घातलेत ना?”

बाई स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, हातात वायर. आवाज असा, की भांडायला फोन लावलेला माणूसही दोन शब्द नीट बोलून जाई. पुढे एक्स्चेंज यंत्रावर गेलं आणि ऑपरेटर घरी बसल्या. बाईंचा आवाज तेवढा शाबूत राहिला.

मग एकदा सापवाल्यांना नाग चावला. लाकडाच्या वखारीत, पोटरीला. बूट घातले होते, पण आखूड. शेजाऱ्याने गाडी काढली. पहिल्या दवाखान्यात विषावरची लस नव्हती. दुसऱ्यात होती, पण कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर. तिसऱ्यात पोचेपर्यंत सापवाल्यांच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, जीभ जड झाली होती. बाई मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन “माझ्याकडे बघा, झोपू नका हो” एवढंच म्हणत होत्या. तिसऱ्या दवाखान्यात लस मिळाली. माणूस वाचला. पोटरीत एक खळगा राहिला, आणि बाईंच्या मनात ती गाडी कायमची चालू राहिली.

त्या गाडीतून उतरायचा त्यांनी एकच मार्ग काढला. रोज सकाळी चहा झाला की त्या जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांना फोन लावू लागल्या. “लस आहे का? किती जणांना पुरेल? किल्ली कोणाकडे आहे?” आधी दवाखानेवाले वैतागले, मग सवयीचे झाले. बाईंच्या बहिणीची मुलगी दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्या नोकरीत होती. घरात तिला सगळे चिमी म्हणत. तिने मावशीला एक वेबसाइट करून दिली. साधं एकच पान. दवाखान्याचं नाव, पुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’, आणि तळाला बाईंचा फोन नंबर. एखादा डॉक्टर फोन करून ओरडे, “अहो, आमच्याकडे लस आहे आणि तुम्ही ‘नाही’ लिहिलंय!” बाई फोन कानाला तसाच ठेवून चूक सुधारत आणि मग माफी मागत. हळूहळू अँब्युलन्सचे ड्रायव्हर, शाळांचे शिपाई, वीटभट्टीवरचे मुकादम, सगळ्यांच्या फोनमध्ये ते पान जाऊन बसलं. लोक त्याला ‘बाईंचं पान’ म्हणत.

ते लाल झालं ही बातमी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने आणली. तोंडात टाचण्या तशाच धरून तो जिना चढून आला होता.

“बाई, तुमच्या पानाला काय झालं? उघडलं की नुसतं लाल होतंय.”

बाईंनी फोन उघडला. पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल, आणि त्यावर पांढरी अक्षरं: समोर धोका आहे. या ठिकाणी गेल्यास चोरटे तुमचे पासवर्ड किंवा खासगी माहिती लुबाडू शकतात. खाली मोठं बटण होतं, ‘सुरक्षित जागी परत जा’. बाईंनी ते दाबलं. स्वतःच्याच घरातून परत फिरावं तसं त्यांना वाटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लाल. त्या उठल्या आणि आधी गॅस बंद करून आल्या.

“चोरटे म्हणजे कोण?” शिंप्याने टाचण्या काढून विचारलं. विचारलं अगदी सहज, पण विचारून झाल्यावर त्याने आपला फोन खिशात घातला. एरवी तो टेबलावर ठेवत असे. बाईंना ते दिसलं.

चिमीला फोन लागला तेव्हा बाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येत नव्हता.

“मावशी, तू घाबरू नकोस.”

“घाबरू नकोस म्हटलं की मला जास्त भीती वाटते. काय झालंय ते सांग.”

चिमीने सांगितलं. आपण ज्यातून इंटरनेट बघतो त्या ब्राउझरकडे वाईट पत्त्यांची एक यादी असते. यादीतला पत्ता आला की तो लाल पडदा टाकतो. ही यादी एक मोठी कंपनी करते आणि बाकीचे बरेच जण तीच उसनी घेतात. म्हणजे एका ठिकाणी नाव लागलं की जगभर दार बंद.

“माझं नाव कोणी घातलं त्यात?”

“यंत्राने. यंत्रं फिरत असतात, तपासत असतात.”

“त्या यंत्रावर कोणी माणूस बसत असेल ना? त्याचा नंबर दे. मी बोलते.”

“त्याला नंबर नसतो, मावशी. एक फॉर्म असतो. तो भरायचा आणि वाट बघायची.”

सगळी हयात बाईंनी लोकांना नंबर जोडून देण्यात घालवली होती. ज्याला नंबरच नाही अशा जागेशी बोलायचं कसं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

त्यांना पहिला संशय आला तो माणसांचा. कोणी चुगली केली असेल? त्या खासगी दवाखान्याने, ज्याच्यापुढे आठवडाभर ‘नाही’ होतं? का शिंप्याने? बिचाऱ्या शिंप्याचं काही कारण नव्हतं, पण भ्यालेल्या मनाला कारण लागत नाही. तेवढ्यात चिमीचा पुन्हा फोन आला. आता तिचा आवाजही बदलला होता.

“मावशी, ऐक. यादी खोटं बोलत नाहीये.”

“म्हणजे?”

“तुझ्या पानाच्या मागे कोणीतरी शिरलं होतं. मी ते सॉफ्टवेअर बरेच दिवस नवं केलं नव्हतं, दार उघडं राहिलं. आत एक बँकेचं खोटं पान लपवून ठेवलंय. तुला नुसतं बघून दिसणार नाही. लोकांना त्याचा पत्ता मेसेजमधून पाठवत होते. पत्ता तुझा, तळाचा नंबरही तुझा, पान चोरांचं.”

याआधीची भीती निदान बाहेरची होती. आता कळलं की आपल्या घरात, आपल्या पाठीमागे कोणीतरी कितीतरी दिवस बसून होतं आणि आपण पुढच्या दाराशी उभं राहून लोकांना या म्हणत होतो. दोनच दिवसांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोनही आला, कुठल्यातरी लांबच्या गावाहून. “तुमच्या पत्त्यावर मी माझा पासवर्ड लिहिला हो. तुमचा नंबर तिथे होता म्हणून वाटलं, खरंच असेल.” त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. ते रडत होते. बाईंनी त्यांना पोलिसांचा नंबर दिला, बँकेचा दिला आणि फोन ठेवल्यावर साखळी लावलेल्या दाराला आतून खुर्ची टेकवली.

सापवाले बाहेरून आले, त्यांना दार उघडेना.

“अगं, मी आहे!”

“कोण मी?” बाई आतून म्हणाल्या, आणि मग त्यांनाच रडू फुटलं.

चिमीने चोरी कळली त्याच दिवशी सगळं साफ केलं होतं. चोरांचं पान काढलं, कुलपं बदलली, फॉर्म भरला. मग वाट बघणं आलं. यादीत जाताना क्षण लागला होता, बाहेर यायला मात्र कोणी विचारेना. उत्तर यायचं ते एकच, ठरावीक: तुमची विनंती मिळाली आहे. बाई दिवसातून कितीदा तरी पान उघडत. लाल. फोन उलटा करून ठेवत. सकाळचे फोन त्यांनी बंद केले नाहीत, पण मिळालेली माहिती जाणार कुठे? दोन दवाखान्यांनी तर सांगून टाकलं, “बाई, सध्या नको. वरून विचारणा झालीय, तुमचं पान फसवणुकीचं आहे म्हणे.” ‘म्हणे’ हा शब्द बाईंना फार लागला.

त्याच लाल दिवसांत सार्वजनिक बागेतल्या माळ्याच्या बायकोला साप चावला. वाळक्या पाल्याचा ढीग उचलताना, हाताला. माळ्याच्या फोनमध्ये बाईंचं पान होतं. त्याने ते उघडलं, लाल दिसलं, त्याने लगेच मिटलं आणि बायकोला घेऊन सरळ सरकारी मोठ्या रुग्णालयात धावला. तिथे लस नव्हती. लस होती ती नदीपलीकडच्या लहान दवाखान्यात. बाईंना ते त्या सकाळपासून ठाऊक होतं.

चार दिवस माळ्याची बायको यंत्राच्या श्वासावर होती. सापवाले रोज रुग्णालयात जाऊन बसत. बाई एकदाच गेल्या. माळी बाकावर बसला होता, नखांत माती तशीच. बाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. तोच आधी बोलला.

“मला काय माहीत बाई! मागे माझ्या भावाला असंच कोणी फसवलं होतं. तेव्हापासून पोरीने शिकवलंय, लाल दिसलं की मागे फिरायचं. मी मागे फिरलो.”

“बरोबर केलंत,” बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? त्याने खरोखरच बरोबर केलं होतं. यंत्राने बरोबर केलं होतं. आपणही पान साफ केलं होतं. सगळ्यांनी बरोबर केलं, आणि माळ्याची बायको काचेपलीकडे पडली होती. याचं खापर कोणावर फोडायचं तेच कळत नव्हतं, आणि म्हणून जास्त भीती वाटत होती.

माळ्याची बायको वाचली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ती घरी जाते न जाते तोच बाईंना आरोग्य अधिकाऱ्यांचं बोलावणं आलं. बाईंनी रात्रीचं जेवण सोडलं. सापवाले म्हणाले, “मी येतो बरोबर.” निरोप्याने सांगितलं होतं, एकट्याच या.

अधिकाऱ्यांची खोली थंडगार होती. एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत ठिबकत होतं. टेबलावर काच, काचेखाली जिल्ह्याचा नकाशा. समोरची खुर्ची साहेबांच्या खुर्चीपेक्षा बरीच बुटकी होती, त्यामुळे बसल्यावर बाईंना मान वर करावी लागली. साहेब तरुण होते, आवाज मधाळ.

“मावशी म्हणू ना? फार सोसलंत तुम्ही. मला सगळं कळलंय.”

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या दिवसांत ‘कळलंय’ असं कोणी म्हटलं नव्हतं.

“ही कंपनी कुठे आणि आपण कुठे!” साहेब म्हणाले. “तिने ठरवायचं आपल्या लोकांनी काय बघावं? माळ्याच्या बायकोचं तिला काय पडलंय? म्हणून आपण आपली यादी करतोय. जिल्ह्याची. समिती असेल, मी अध्यक्ष. इंटरनेट पुरवणाऱ्यांशी बोलणं झालंय. आपल्या यादीत जे वाईट ते इथे उघडणार नाही. आणि जे चांगलं त्याला कोणी हात लावणार नाही. तुमचं पान पहिलं. सरकारी शिक्क्यासकट. कंपनीलाही आम्ही पत्र लिहू.”

“आणि काही अडलं तर बोलायचं कोणाशी?”

“माझ्याशी! हा काय, समोर बसलोय.”

बाईंना हेच तर हवं होतं. नाव असलेला, चेहरा असलेला, फोन उचलणारा माणूस. त्या हो म्हणणारच होत्या.

“एक बारीकशी गोष्ट,” साहेब म्हणाले आणि पेपरवेट फिरवू लागले. “आपल्या मोठ्या रुग्णालयापुढे ‘नाही’ लिहू नका. लोकांत घबराट पसरते. ‘चौकशी करावी’ असं लिहा. सौम्य वाटतं.”

“पण लस नसलीच तर?”

“येते, जाते. पुरवठ्याचं असंच असतं.”

“चावलेला माणूस चौकशी कधी करणार, साहेब?”

साहेब हसले. खूप छान हसले. “मावशी, याद्या म्हणजे कसं असतं, त्यात कोणाचंही नाव लागू शकतं. तुम्हाला तर अनुभव आहे. आणि हो, सापवाल्यांचा साप धरण्याचा परवाना नूतनीकरणाला आलाय ना? शेजारच्याच इमारतीत आहे ते खातं. मी बोलून ठेवतो.”

बादलीत पाणी ठिबकत होतं. “विचार करून सांगते,” एवढंच म्हणून बाई उठल्या, आणि जिन्यावरून उतरताना कठडा सोडवेना.

घरी येऊन त्यांनी सापवाल्यांना सगळं सांगितलं. ते जमिनीवर बसून आकड्याच्या काठीला तेल लावत होते.

“त्या कंपनीला मी ठाऊकच नव्हते,” बाई म्हणाल्या. “याला माझं घर ठाऊक आहे. तुमचा परवानाही ठाऊक आहे. मी काय करू, सांगा.”

“परवाना नसला तरी लोक बोलावणारच. मी जाणारच. मग एखाद्या दिवशी पोलीस उभे राहतील.” ते काठी पुसत राहिले. “ते मी बघेन.”

“तुम्हाला ना, कशाचीच भीती वाटत नाही. म्हणून तुमचं बरं आहे.”

“कोण म्हणालं?” सापवाल्यांनी वर पाहिलं. “दर वेळी वाटते. खड्ड्यात उतरण्याआधी दोनदा काठी आपटतो. आजही.”

“कधी बोलला नाहीत!”

“तू बुटांचं विचारायचीस. हे कधी विचारलंच नाहीस.”

इतक्या वर्षांच्या संसारात हे बाईंना नवीन होतं.

साहेबांना त्यांनी काहीच कळवलं नाही. नाही म्हणायचा धीर नव्हता आणि हो म्हणायला जीभ वळत नव्हती. एका दुपारी चिमीचा फोन आला, “मावशी, उघडून बघ.” पान पांढरं होतं. जसं लाल झालं होतं तसंच आपोआप, कोणाला न सांगता. ना माफी, ना कारण, ना सही. आनंद व्हायला हवा होता. बाईंना वाटलं, जे विचारल्यावाचून गेलं ते विचारल्यावाचून परतही येईल.

त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. एकेक दवाखाना भरत आल्या. सगळ्यात शेवटी मोठ्या रुग्णालयाच्या औषध भांडाराचा नंबर फिरवला. तिथला भांडारवाला जुना ओळखीचा. त्याला बाईंनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा खोकला, त्याच्या मुलीची परीक्षा, सगळं ठाऊक होतं.

“आज काय?”

“नाही हो बाई.” मग अगदी हळू, “कधीपासूनच नाही. वर लिहून लिहून थकलो.”

“लिहू का मी?”

पलीकडून खोकल्याची उबळ. “पान तुमचं आहे, बाई. मी कोण सांगणार?”

बाईंनी ‘चौकशी करावी’ असं टाइप केलं. माळ्याच्या नखांतली माती त्यांच्या डोळ्यांपुढे आली. त्यांनी ते खोडलं आणि ‘नाही’ लिहिलं. घाईत एकाच्या जागी दोनदा ‘नाही’ उमटलं.

मग जिल्ह्याच्या यादीसाठी नगरपालिकेच्या सभागृहात लोकांची मतं ऐकायची सभा ठेवली गेली. चिमी सुट्टी काढून आली आणि मावशीला घेऊन गेली. सभागृहात पंखे करकरत होते. एक वकील बोलले, सगळी सूत्रं सरकारकडे हवीत. एक प्राध्यापिका म्हणाल्या, सरकारकडे नकोत, कंपन्यांनाच ते कळतं. कोणी म्हणालं, यादीच नको, ज्याचं त्याने बघावं. टाळ्या सगळ्यांनाच पडत होत्या. व्यासपीठावर आरोग्य अधिकारी हनुवटीला हात लावून ऐकत होते. मग माईक बाईंच्या हातात आला.

“मी टेलिफोनची ऑपरेटर होते,” त्या म्हणाल्या, आणि तो जुना आवाज कुठूनसा आला. “माझ्या पानात चोर शिरले होते. मला पत्ता नव्हता. यादीमुळे कळलं. नाहीतर आणखी किती लोक माझ्या दारात लुटले गेले असते कोण जाणे. म्हणून यादी नको, असं मी म्हणणार नाही. पण चोर गेल्यावरही दार बंदच राहिलं, आणि एका बाईची बोटं गेली. मला बोलायला समोर कोणी नव्हतं.”

“मग तुमच्या मते यादी कोणाच्या हातात हवी?” वकिलांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. लोक हसले. “खरंच माहीत नाही. ज्याच्या हातात असेल त्याने कारण लिहावं. फोन उचलावा. आणि ज्याचं दार बंद केलं त्याचं म्हणणं दुसऱ्याच कोणीतरी ऐकावं, ज्याने बंद केलं त्यानेच नाही. आणि...” चिमीने त्यांचं कोपर धरलं. “आणि माझ्या पानावर ‘नाही’ लिहू नका असं मला ज्यांनी सांगितलं, त्यांच्या हातात ती नको. ते समोरच बसलेत.”

साहेब त्या दिवशीसारखेच छान हसत होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि कागदावरून मान वर करून बाईंकडे पाहिलं, ओळख पक्की करून घ्यावी तसं. ती नजर बाई घरी घेऊन आल्या.

पुढे मोठी उलथापालथ झाली नाही. योजना ‘अधिक अभ्यासासाठी’ ठेवली गेली. फक्त सरकारी कचेऱ्यांतल्या कॉम्प्युटरवर बाईंचं पान उघडेनासं झालं. तिथे लाल पडदाही येत नसे, नुसतं ‘पान सापडत नाही’. कोणाच्या हुकमाने, ते कोणी सांगेना. विचारलं की सगळे कानावर हात ठेवत. सापवाल्यांचा परवाना ‘प्रक्रियेत’ राहिला. बोलावणं आलं की ते जात, आणि परत येईपर्यंत बाई खिडकीत उभ्या असत. आता सापाबरोबर पोलिसांचीही धास्ती.

आणि मग एका सकाळी साहेबांच्या कार्यालयातून फोन आला. मोठ्या रुग्णालयात लस आली आहे, पान ताबडतोब सुधारावं. बाईंनी भांडाराचा नंबर लावला. फोन उचलणारा आवाज अनोळखी होता.

“हो, आलीय. ‘आहे’ लिहा.”

“नेहमीचे आहेत का तिथे? ते खोकणारे?”

“बदली झाली त्यांची.”

“कुठे?”

“माहीत नाही.”

बाईंनी फोन ठेवला. हा आवाज खरा का खोटा, त्यांना ठरवता येईना. ‘आहे’ लिहावं आणि लस नसावी, तर एखादा माणूस त्यांच्याच शब्दावर तिथे जाऊन मरेल. ‘नाही’ लिहावं आणि ती असावी, तर दारातली लस सोडून तो नदीपलीकडे धावेल. आपल्याही हातात एक यादी आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा इतकं जड वाटलं.

“बूट घाला,” त्या सापवाल्यांना म्हणाल्या. “आपण जाऊन बघू.”

रुग्णालयाचं भांडार तळघरात होतं. दिवे अर्धे गेलेले, भिंतींना ओल. एरवी बाईंनी अशा ठिकाणी पाऊल टाकलं नसतं. नवा भांडारवाला कोवळा पोरगेलासा माणूस होता. तो आधी बाहेरच्यांना दाखवता येत नाही म्हणाला. बाई हलल्या नाहीत. त्यांना हलताच येत नव्हतं म्हणा ना. मागे सापवाले भिंतीला टेकून उभे राहिले. शेवटी त्याने सुस्कारा टाकून फ्रिज उघडला.

लस होती. खोक्यांच्या रांगाच होत्या. बाईंनी एक बाटली हातात घेऊन चष्म्यातून तारीख वाचली, दुसरी घेतली, तिचीही वाचली. तारीख पुढची होती. गार काचेवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन काढला आणि मोठ्या रुग्णालयापुढे ‘आहे’ लिहिलं.

“सभेत बोललात ना तुम्ही?” पोरगा दार लावता लावता कुजबुजला. “त्यानंतरच आली ही. पण त्या खोकणाऱ्या काकांकडून कुणी लिहून घेतलं म्हणतात, चूक त्यांचीच होती असं. मी ऐकलंय तेवढंच. माझं नाव कुठे घेऊ नका.”

बसमध्ये सापवाल्यांनी खिडकीची जागा बाईंना दिली. बाईंनी जुन्या भांडारवाल्याचा घरचा नंबर लावला. तो कधीतरी मुलीच्या परीक्षेचा निकाल कळवताना त्यानेच दिला होता. घंटा वाजत राहिली, कोणी उचललं नाही. त्यांनी पुन्हा लावला. मग पुन्हा.